सोन्याच्या गळ्यातला फोन

"माझा फोन बत्तीस वर्षांत एकदा बी मेला न्हाई," आबा भैरोबाच्या देवळात सगळ्या गाडामालकांसमोर म्हणाले. "तुमच्या मोबाईलची बॅटरी मरती, रेंज मरती, रिचार्ज मरतो. आमचा डबा जिता हाय. लिवा मास्तर, लँडलाईनचाच नंबर लिवा. पेन्सिलीनं नगं, पेनानं लिवा."

मास्तरांनी पेनानं लिहिला.

त्या घडीला तो फोन मरून सात महिने झाले होते. फक्त आमच्यातल्या कुणाला ते माहीत नव्हतं.

आबा म्हणजे माझे सासरे, गेणूभाऊ. कुरवंड्याच्या वरच्या अंगाला आमची अकरा घरांची वाडी आहे. मी मूळची देहूरोडची. माझे वडील डेपोत नोकरीला होते, भोंगा वाजला की आमच्याकडे घड्याळ लावायचे. सासरी घड्याळ बैलाकडं बघून लावतात. सोन्या उठला की सकाळ, सोन्या बसला की दुपार.

सोन्या आमचा शर्यतीचा बैल. तो जन्मला त्याच वर्षी शर्यतींवर बंदी आली. बंदी उठेपर्यंत बिचाऱ्याचं अर्धं आयुष्य कडबा खाण्यात गेलं. नंतर चार गावच्या घाटांत, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पळाला, बक्षिसं आणली, पण आमच्या स्वतःच्या भैरोबाच्या घाटात त्याला एकदाही बारी, म्हणजे पळायची पाळी, मिळाली नाही. दर वर्षी टोकन हुकायचं. आता तो अकरा वर्षांचा झालाय. जनावरांच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, हे शेवटचं वर्ष. गाड्याला बैल चार लागतात, तीन भावकीचे आहेत, पण पुढं सोन्या नसला तर बाकीचे तिघं नुसते उभे राहतात. आबांना एवढंच हवं होतं, सोन्या एकदा देवाच्या घाटात पळावा. दुसरं काही मागत नव्हते हो.

टोकनचं प्रकरण नीट सांगते, कारण पुढचा सगळा संताप त्यातून निघालाय. पूर्वी टोकनासाठी रांग लागायची. गेल्या वर्षी रांगेत दोन दात पडले आणि त्यातला एक पंचाचा होता. म्हणून यंदा कमिटीचे सेक्रेटरी त्र्यंबक मास्तर यांनी नियम छापून आणला. मास्तर तळेगावचे, शाळेतून रिटायर झालेले. अक्षर सुरेख, पण बैल आयुष्यात जवळून पाहिलेला नाही. नियम असा, की अर्जावर फोन नंबर एकच लिहायचा. रविवारी दहा ते अकरा त्याच नंबरवरून फोन करून टोकन मागायचं. संध्याकाळी चार ते पाचच्या दरम्यान मास्तर त्याच नंबरवर उलटा फोन करून खात्री करणार. तीन रिंगांत उचलला नाही तर टोकन पुढच्याला.

"तीनच का?" मी विचारलं.

"शिस्त," मास्तर म्हणाले.

देवळात साठ माणसं बसली होती. त्यातल्या निम्म्यांना घरचा फोन घ्यायला झाडावर चढावं लागतं, आणि हा माणूस शिस्त म्हणतोय.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी, ओंकारनी, तोंड उघडलं. ते लोणावळ्यात एका रिसॉर्टवर कामाला आहेत, त्यामुळं त्यांना सगळं कळतं. "आबा, लँडलाईन कुनी वापरत न्हाई आता. मोबाईलचा द्यायचा व्हता."

"तुझा मोबाईल? कालच्याला तुझी आय तुला जेवाया बोलवत व्हती तर म्हनं तू जगात कुटंच न्हाईस. बाई सांगत व्हती फोनमधली."

"संपर्काच्या बाहेर आबा, जगाच्या न्हाई."

"मंग लाव की. माझ्या फोनवर लाव. वाजतो का न्हाई बघ."

आमच्या घरात मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी येते, गोठ्यात, सोन्याच्या दावणीजवळ. ओंकार तिकडं गेले आणि तिथून ओरडले, "वाजतोय."

इकडं फोन गप्प. आम्ही तिघं त्याच्याकडं टक लावून बसलो, मी, आबा आणि माझ्या सासूबाई शालूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

"तिकडं वाजतोय आन् हितं वाजत न्हाई," आबा म्हणाले. "म्हंजे मोबाईलच खोटा."

मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं. टोन नाही, खरखर नाही. आबांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ ऐकला.

"कुनी बोलत नसल्यावर आवाज कुठनं येईल?" ते म्हणाले, पण रिसीव्हर ठेवताना त्यांचा हात जरा हळू झाला.

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला टेलिफोनच्या ऑफिसात गेले. काउंटरला एक मॅडम होत्या. मी म्हटलं, फोन बंद आहे.

"ॲपवर तक्रार करा."

मी तिथंच ॲप उतरवून घेतलं. त्यानं नंबर विचारला, मी टाकला. मग म्हणालं, ओटीपी पाठवलाय.

"मॅडम, ओटीपी कुठं आला?"

"रजिस्टर नंबरवर."

"रजिस्टर नंबर लँडलाईन आहे. ती बंद आहे. म्हणून तर आले."

"मग आधी लँडलाईन चालू करून घ्या, मग तक्रार नोंदवा."

हे वाक्य त्यांनी इतक्या सरळ तोंडानं म्हटलं की मागं उभे असलेले एक काका मान डोलावून "बरोबर आहे" म्हणाले. मी विचारलं, बंद फोनचं बिल मात्र सात महिने वेळच्या वेळी कसं येतं? त्या म्हणाल्या, "ते कॉम्प्युटरवरून येतं, त्याला तारेची गरज नसते." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "अहो मोबाईल घ्या ना. डोंगरात लँडलाईन ठेवतं का कुणी?" आणि शेजारच्या मोबाईलच्या दुकानात गेले तर तो पोरगा पत्ता ऐकून म्हणाला, "ताई, कुरवंड्याच्या वर का? तिकडं लँडलाईनच बरी."

मी दोघांना एकमेकांसमोर बसवणार होते, पण शेवटची जीप निघत होती.

बरं, ऑफिसच्या दारात सीताराम लाईनमन भेटले म्हणून. वीस गावांना हा एकच माणूस उरलाय आणि त्यांची शिडी त्यांच्यापेक्षा म्हातारी आहे. त्यांनी तक्रार नंबर, ॲप, काही विचारलं नाही. म्हणाले, "गेणूभाऊंचा ना? गुरुवारी येतो."

गुरुवारी आले. खालच्या रस्त्यापासून तार बघत बघत, खांबामागून खांब, वाडीपर्यंत चढले. आमच्या वावराच्या कडेला दोन खांबांच्या मधे तार नव्हतीच. चाळीस हात तार गायब.

"चोरीला गेली," आबा म्हणाले. "लय चोर झालेत. पर्यटक असतील."

सीताराम चहाला बसले. बशीत चहा ओतला आणि बशी तशीच हातात धरून गोठ्याकडं बघत राहिले. सोन्या तोंड बाहेर काढून उभा होता. गळ्यात घुंगरमाळ.

"गेणूभाऊ, माळ कशात ओवलीय?"

"तारंत. दोऱ्यात ओवली की तोडतो त्यो."

"कुठली तार?"

"ही बांधावर पडली व्हती. पावसात खांब कलला तवा. चांगली काळी, चिवट. कुनाच्या कामाची न्हवती."

सीतारामनी उठून माळ हातात घेतली, घुंगरं बाजूला सारली, तारेवरचं काळं आवरण नखानं खरवडलं. मग आबांकडं वळून म्हणाले, "हा तुमचा फोन."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या का काय, मला कळलं नाही. "भादवी पोळ्याला ववली," त्या म्हणाल्या. "तवाच म्हनलं व्हतं मी, ही तार कुनाची तरी असंल. तर म्हनं गप बस, तुला काय कळतंय तारंतलं."

बत्तीस वर्षं न मेलेला फोन आबांनी स्वतःच्या हातानं तोडला होता, बैलाच्या गळ्यात घातला होता आणि सात महिने रोज फडक्यानं डबा पुसत होते.

"काढा ती माळ," सीताराम म्हणाले. "एकट्या माळेत चाळीस हात नसली तरी दावणीला गुंडाळलेली ही उरलेली मिळून पुरेल. नवी तार ऑफिसात चार वर्षं आलेली नाही. अर्ध्या तासात जोडून देतो."

"माळ निघायची न्हाई," आबा म्हणाले.

इथं मला आमच्या घरची रीत सांगितली पाहिजे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घातलेली माळ भैरोबाच्या घाटात बारी झाल्यावरच उतरवायची आणि देवाला वाहायची. बारी मिळाली नाही तर पुढच्या पोळ्याला बदलायची. मधे काढली तर बैल बसतो, पुन्हा म्हणून पळत नाही. आबांच्या वडिलांनी एकदा काढली होती आणि तो बैल म्हणे नंतर लग्नाच्या वरातीतसुद्धा चालायला तयार नव्हता.

"म्हणजे बघा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "बारी झाल्याशिवाय माळ निघणार नाही. माळ निघाल्याशिवाय फोन लागणार नाही. फोन लागल्याशिवाय टोकन नाही, आणि टोकन नसलं तर बारी नाही. आणि ह्या सगळ्याचं बिल दर महिन्याला येतंय."

"सूनबाई शिकलेली हाय," आबा सीतारामना म्हणाले. "लगेच ध्यानात येतं तिच्या."

शेवटी मीच तळेगावला जाऊन मास्तरांना गाठलं आणि नंबर बदलून द्या म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "खाडाखोड नियमात बसत नाही. गेणूभाऊंनी स्वतः पेनानं लिहा म्हणून सांगितलं होतं." पण त्यांच्या सुनेनं, अरुंधतीनं, आतून हाक मारली, "बाबा, एवढ्या डोंगरातनं आल्यात त्या, द्या की." तेव्हा त्यांनी लँडलाईनच्या नंबरावर पट्टी लावून एक सरळ रेघ मारली, खाली ओंकारचा मोबाईल लिहिला आणि बाजूला सही केली.

ओंकार घरात असे फिरायला लागले की जणू मोबाईल त्यांनीच शोधलाय. आबा तोंड फुगवून डबा पुसत होते. आणि त्यातच ओंकारच्या डोक्यात नवीन शोध आला.

"सविता, रेंज गोठ्यात येत न्हाई, सोन्यात येतीय. त्याच्या गळ्यात तार हाय ना, तांब्याची. अँटेना झालाय त्यो."

मी म्हटलं, तुमचं डोकं तपासून घ्या. तर ह्यांनी सोन्याला सोडून अंगणात आणला, मोबाईल माळेला टेकवला. दोन काड्या. बाजूला केला, शून्य. पुन्हा टेकवला, दोन काड्या. आंब्याखाली नेला तरी दोन काड्या. वाडीतली अकराच्या अकरा घरं बघायला आली. लोकांनी आपापले मोबाईल आणून सोन्याला लावले. एकीनं तिथंच उभं राहून मुंबईच्या बहिणीशी अर्धा तास गप्पा मारल्या, सोन्याच्या मानेला मिठी मारून. आता हे खरं होतं का योगायोग, मला विचारू नका. सरकारनं डिजिटल गाव म्हणून बोर्ड लावलाय खाली, त्यांना विचारा. पण आबा पहिल्यांदा हसले. "बगितलं? तुमचा मोबाईल बी माझ्याच लँडलाईनवर चालतोय."

रविवारी साडेनऊपासून सगळं घर गोठ्यात. आबांनी धोतर धुतलेलं नेसलं होतं. दहाला फोन लावायला सुरुवात केली. बिझी, बिझी, बिझी. आबांनी गाल सोन्याच्या गळ्याला लावून धरला होता, मधे मोबाईल. सोन्या त्यांचा कान चाटत होता. दहा बावन्नला मास्तरांचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"गेणू. कुरवंड्याचा. सोन्याचा गाडा."

"ही घंटा कसली वाजतीय?"

"बैल मान हालवतोय मास्तर. तुमचा आवाज आवडला त्याला."

"टोकन नंबर चौदा. चार ते पाच फोन करीन. तीन रिंगा."

आबांनी मोबाईल ओंकारच्या हातात दिला आणि सोन्याच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले. आत्या घरात गेल्या आणि थोड्या वेळानं चुलीवरून पुरणाचा वास यायला लागला. सण नव्हता काही.

आता फक्त चारचा फोन उचलायचा होता. पण चारपर्यंत मोबाईल हातात धरून बैलाला कोण चिकटून बसणार? आणि हात जरा हलला, रेंज गेली, तर? ओंकारनी मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि सुतळीनं माळेलाच घट्ट बांधून टाकला. आवाज पूर्ण वाढवून. मी विचारलं, वाजल्यावर सोडवणार कसा तीन रिंगांत? म्हणाले, सोडवायचा कशाला, बटण दाबायचं आणि बैलाच्या गळ्याशी बोलायचं. सकाळी जमलं की.

हे मला पटलं. माझीही चूक आहे ह्यात, मी नाकारत नाही.

ज्या गोष्टीचा आमच्यातल्या एकानंही विचार केला नाही ती ओंकारची रिंगटोन. गेल्या वर्षीपासून त्यांच्या मोबाईलला शर्यतीतल्या निवेदकाचा आवाज लावलेला आहे. घाटात गाडा सुटतो तेव्हा लाऊडस्पीकरवर ओरडतात ना, "भिर्रर्रर्र", मागून शिट्ट्या, हलगी. तीच. आणि सोन्याला लहानपणापासून शिकवलंय काय, तर भिर्रर्र ऐकलं की पळायचं.

चार वाजून बावीस मिनिटांनी सोन्याच्या हनुवटीखाली घाट सुरू झाला.

पहिल्या रिंगेला दावणीची खुंटी उपटली. ओंकार बटण दाबायला पुढं झाले होते, ते शेणात बसले. दुसऱ्या रिंगेला सोन्या आमच्या दारापुढून गेला, आत्यांनी पुरणाचं पातेलं तेवढं उचलून घेतलं. जितका तो पळायचा तितका गळ्यातला आवाज त्याला हाणायचा. तिसऱ्या रिंगेला तो वावर ओलांडून खालच्या व्हिलाच्या उतरणीला लागला होता. आम्ही मागं. आबा पण पळत होते, चपला हातात घेऊन, आणि मी देवाशपथ सांगते, ते "थांब" म्हणत नव्हते. ते म्हणत होते, "उचल, उचल पाय, उचल."

व्हिला मुंबईच्या कुणाचा तरी आहे. दर शनिवार-रविवार भाड्यानं देतात. पाहुणे पोहण्याच्या टाकीकडेला बसले होते. सोन्यानं तारेचं कुंपण ओलांडलं, तिथं माळ अडकली आणि तुटली. घुंगरं फरशीवर उडाली आणि पिशवीसकट मोबाईल टाकीत गेला. आवाज बंद झाला तसा सोन्या थांबला, लॉन खायला लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं पॅकेजमध्ये आहे.

"किती झाले?" आबांनी धापा टाकत विचारलं.

"काय किती?" मी म्हटलं.

"सेकंद."

ओंकार टाकीत गळ्यापर्यंत उभे होते, पायानं मोबाईल शोधत. म्हणाले, "चौदा असतील."

"घाटात असता तर फळी फोडली असती त्यानं, पयला नंबर," आबा म्हणाले आणि एकेक घुंगरू वेचायला लागले.

टोकन परंदवडीच्या गाड्याला गेलं. मास्तरांना मी शेजाऱ्यांच्या मोबाईलवरून समजावून सांगायचा प्रयत्न केला, डोंगराच्या टोकाला जाऊन. ते म्हणाले, "बैलानं फोन नेला हे कारण नियमात नाही." मी म्हटलं, मग काय आहे तुमच्या नियमात? फोन जोडून न देणारे बसतात, रेंज न देणारे बसतात, सात महिने बिल घेणारे बसतात, फक्त आमचा बैल बसत नाही? ते ऐकत होते का रेंज गेली होती, कळायला मार्ग नव्हता. मी मात्र पूर्ण बोलले.

सोमवारी सकाळी सीताराम आले. माळ तुटलीच होती, आता रीत पाळायला काही उरलं नव्हतं. आबांनी तार स्वतः सरळ करून दिली. सीतारामनी ती खांबाला जोडली, वर चढून हात केला, आणि दुसऱ्या गावाला निघून गेले. आम्ही रिसीव्हर उचलून पाहिलासुद्धा नाही, कारण सगळ्यांचं लक्ष स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या पिंपात होतं. भिजलेला मोबाईल कोरड्या तांदळात पुरला की जिवंत होतो, असं ओंकारच्या रिसॉर्टवर सांगतात. घरचा इंद्रायणी, पिंप भरून. रात्रभर खाली पुरला होता.

अकरा वाजता घंटी वाजली.

"झाला जिता," ओंकार म्हणाले.

"ही तुझी भिर्रर्र न्हाई," आबा म्हणाले.

"पाण्यानं आवाज बदलला असंल."

चौघांनी कोपरापर्यंत हात पिंपात घातले. दुसरी घंटी झाली. आत्यांच्या हाताला काहीतरी लागलं, ते माप निघालं. तिसरी झाली आणि आवाज थांबला. ओंकारला मोबाईल सापडला तेव्हा त्यातून पाणी आणि दोन दाणे पडले. तो बंदच होता.

वाजला तो बाहेरच्या खोलीतला लँडलाईनचा डबा होता. नंतर कळलं, फोन मास्तरांचा. परंदवडीच्या गाड्याचा एक बैल लंगडायला लागला होता, म्हणून त्यांनी आमचा रेघ मारलेला जुना नंबर लावून बघितला. तीन रिंगा दिल्या. चौदा नंबर मग पुढच्या गाड्याला दिला.